अक्रोडाची मूठ

१७ जानेवारी, शुक्रवार

सृष्टे, ही वही मला संक्रांतीला तूच दिलीस, हे आठवतं का? आठवत नसणारच. पुण्याला निघताना डबा विसरलीस, चार्जर विसरलीस, आणि स्टँडवरून परत येऊन चार्जर तेवढा नेलास. डबा आम्ही खाल्ला. तेव्हा ही वही कधी उघडशील तर आजी कोण हेही तुला सांगावं लागेल. मी बनुबाई. तुझ्या बापाची आई. सुप्यात राहते. वय कुणी लिहून ठेवलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

अक्षर मला येत नाही. मी बोलते आणि तुझी आई लिहिते. सविता माझं 'न्हाई'चं 'नाही' करते, ते करू दे. पण मी शिवी दिली की ती खोकते आणि पुढं जाते. तेवढं सोसते मी.

तू म्हणालीस, आजी, रोज काय होतं ते सांगत जा. रोज काय होणार? तुझा बाप, कल्याण, लायसन काढलेल्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करतो. मी मुठी करते. झालं की सांगून.

१९ जानेवारी, रविवार

आज सांगण्यासारखं झालं. नगरहून प्रणिता नावाची बाई आली. पस्तिशीची असेल. कॉलेजात शिकवते आणि तीनशे मीटरवर नेम मारते. कल्याणला म्हणाली, "दादा, आजवर दुसऱ्यांच्या रायफलीवर मारलं. एक माझी म्हणून हवी." परवान्याचे कागद पुढं ठेवले. नळी बाहेरच्या देशातून यायची, तिचीही मंजुरी आणलेली. बाकी सगळं कल्याणनं जुळवायचं. डिसेंबरात देशाची स्पर्धा आहे, त्याच्या आत.

खांद्याला टेकायचा दस्ता हल्ली अल्युमिनियमचा असतो. पेच फिरवला की लांब, पेच फिरवला की आखूड. पण उजवा पंजा जिथं धरतो ती मूठ पेचावर भागत नाही. ती अक्रोडाचीच लागते आणि त्याच माणसाच्या हाताची लागते. एक बोट घोड्यावर, बाकीचा हात झोपल्यासारखा पडला पाहिजे. तुझे आजोबा म्हणायचे, मूठ आवळावी लागली की गोळी हलली.

मी तिला ओल्या शाडूचा गोळा दिला. "धर."

"किती जोरात?"

"नवऱ्याचा हात धरतीस तेवढ्या."

"नवरा नाही आजी."

"सुटलीस. मग एस्टीचा दांडा धरतीस तेवढ्या."

हसत हसत धरला. अंगठ्याच्या बुडाशी चांगला मांसाचा उंडा आहे बाईच्या. पोलिसाचा हात गोळ्यात बोटं रुतवतो, सोनाराचा नुसता टेकतो. हिचा हात पाहुण्याच्या पोराला उचलावं तसा, घट्ट आणि तरी सांभाळून.

नावं लिहिता येत नाहीत म्हणून मी गोळ्यात एकेक बी खोचते. हिच्या गोळ्यात सीताफळाची बी खोचली.

जेवायला पिठलं-भाकरी होती. कॉलेजातली बाई म्हणून सविता कांदा कापायला निघाली, तर प्रणितानं कांदा पाटावर ठेवला आणि उजव्या हाताची बुक्की मारली. दुसऱ्या बुक्कीला फुटला. मी म्हणाले, "डिसेंबरात पण दोन गोळ्या लागत्याल का गं एका नेमाला?" तिनं दोन भाकरी खाल्ल्या. मला आवडली.

११ फेब्रुवारी

नळी आली. कल्याणला चार दिवस जेवायला बोलवावं लागतंय. लेथवर वाकलेला असतो आणि हाक मारली की "हां" म्हणतो, ते हां नसतं.

मी गोळा वाळवून मूठ कोरायला घेतली. शाडू वाळताना आकसते, म्हणून सगळीकडून बाजरीच्या दाण्याएवढं लाकूड जास्त ठेवायचं. हे गणित माझ्या बोटात आहे. प्रणिताच्या कॉलेजात शिकवत नसतील.

२३ मार्च, रविवार

मूठ सैल झाली.

तिनं धरली तेव्हा मी तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवून बघितलं. अंगठ्याच्या बुडाशी फट. माझं नख आत गेलं. तिचं तोंड उतरलं. मला वाटलं, माझ्या कामामुळं उतरलं.

"आजी, होतं कधी कधी."

"माझ्याकडून होत न्हाई," मी म्हणाले. तीस वर्षांत एकदा झालं होतं, आणि तेव्हा मला ताप होता.

शाडू यंदा नव्या पोत्यातली आहे. जास्त आकसत असेल. मूठ ठेवून घेतली, पुन्हा घासून देते म्हणाले. लाकूड काढता येतं, लावता येत नाही. पण फटीच्या भोवतीचं घासलं की हात खाली बसतो आणि फट मिटते, हे नशीब.

नव्या शाडूचा दुसरा गोळाही धरायला लावला. त्यात दोन बिया खोचल्या.

१३ एप्रिल, रविवार

पुन्हा सैल. दुसऱ्या गोळ्याबरहुकूम घासली होती, दाण्याएवढं सोडून. तरी सैल.

मी तिला चहा दिला. तिनं कप दोन्ही हातांनी धरला. माझी जीभ तेवढी सैल झालेली नाही, म्हणाले, "मांजरीसारखा काय धरतीस? कप हाय त्यो, उंदीर न्हाई." ती हसली. सविता आत गेली. दूध उतू जातंय म्हणाली. दूध सकाळीच तापवलेलं होतं.

मग मी जरा आडवी झाले. डोळा लागला असं त्यांना वाटलं. तिघं ओसरीवर बोलत होती. मला शब्द तुटक आले. मग प्रणिताचा आवाज, "आजींना सांगू नका. प्लीज."

काय सांगायचं नाही ते कळायला मला शाळेत जायला नको. इथं एमआयडीसीत मशीन आली आहेत. हाताचा फोटो काढला की मशीन मूठ कापून देतं. कल्याणनं एकदा दाखवलं होतं मोबाईलवर. म्हातारीचं मन दुखू नये म्हणून बाहेर कुजबुजतात.

सविता, पेन का थांबलं? शाई संपली म्हणते. कालच नवं आणलेलं पेन.

१६ एप्रिल

कल्याणला सरळ विचारलं. "माझा हात गेला का रे?"

"न्हाई आई. तुझं काय चुकलं न्हाई."

"मग कुणाचं चुकलं?"

तो उठला आणि लेथ चालू केला. लेथवर काहीच लावलेलं नव्हतं. मोकळाच फिरत होता, आणि हा त्याच्याकडं बघत उभा.

आता मला खात्री झाली.

११ मे, रविवार

मूठ तिसऱ्यांदा सैल. घासून घासून आतल्या पेचाचं लोखंड लाकडाबाहेर दिसायला लागलं. आता ही मूठ चुलीत घालायच्या लायकीची.

२ जून, सोमवार

तीन आठवडे सांगितलं नाही काही. सांगायला होतं काय?

माझ्या कानशी आणि पटाशा कल्याणच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. तेलाची बाटलीही. म्हणाले, मशीनवाल्याला बोलाव. मी आता गवारी मोडत बसते. तो म्हणाला, "आई, मशीनवाला कोण?" असं सोंग त्याला लहानपणापासून चांगलं जमतं.

रात्री झोप येत नाही असं म्हणत नाहीत का लोक, मला दिवसा जाग येत नाही. सकाळी उठते, हात धुते, आणि हातांना काय करायचं ते कळत नाही. तुझे आजोबा गेले तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं, कारण त्यांची एक मूठ अर्धी राहिली होती आणि ती मला पुरी करायची होती.

नव्वद-शंभर गोळे आहेत फळीवर. प्रत्येकात बी. काल सगळे हातात घेऊन बघितले. सगळे मला सांगतात, आम्हाला बरोबर केलं होतंस. मग हिलाच का?

२२ जून, रविवार

प्रणिता आली. सांगायला आली की घाई नाही आजी, मूठ होईल तेव्हा होऊ द्या. घाई असणाऱ्या गिऱ्हाइकाला मी भीत नाही. घाई नाही म्हणणाऱ्याचं काही खरं नसतं.

सवितानं आमटी-भाकरी वाढली. ती म्हणाली, चमचा मिळेल का? मी म्हणाले, "जानेवारीत बुक्की मारत हुतीस, आता चमचा? पगार वाढला वाटतं." तिनं चमचा घेतला, तो ताटात पडला. उचलला, परत पडला. आमटी साडीवर उडाली. मी उठायला मदत म्हणून पुढं झाले, तर तिनं डाव्या हातानं माझा खांदा धरला आणि उठली.

खांद्याला तो हात ओळखीचा वाटला. घट्ट आणि तरी सांभाळून. हा जानेवारीतला हात.

मी कल्याणला म्हणाले, "शाडू भिजव."

"आई, आता कशाला?"

"भिजव म्हणाले ना."

तिला म्हणाले, "डाव्या हातानं धर." ती माझ्याकडं बघत राहिली. मग धरला. मग उजव्या हातात वेगळा गोळा दिला. तो तिला धरता येईना, मी तिची बोटं त्यावर मिटली. दोन्ही गोळे ओलेच मांडीवर घेतले. फळीवरून एका बीचा गोळा काढला, जानेवारीतला. डोळे मिटले.

डावा गोळा आणि जानेवारीतला उजवा, बहिणी-बहिणी. बाजू आणि शाडूचं आकसणं सोडलं तर काही फरक नाही. अंगठ्याचा उंडा जिथं हवा तिथं.

आणि आजच्या उजव्या गोळ्यात उंडाच नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये मांस असतं, तिथं शाडू तशीच फुगलेली. तिथं दाबायला काही नव्हतंच.

माझा हात चुकला नव्हता. एकदाही नाही.

"कवापासून?"

तिनं आधी कल्याणकडं बघितलं. मग सांगितलं. "फेब्रुवारीत घराची किल्ली फिरेना. मग बटणं. मार्चात तपासण्या झाल्या, एप्रिलात नाव कळलं. आजी, यात स्नायू वाळत जातात. आधी हा हात. मग तो. मग बाकीचं. हळू करायचं औषध आहे. थांबवायचं नाही."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"कॉलेजात सगळे माझी पिशवी उचलतात. घरी आई वरणभात कालवून देते. इथं आले की तुम्ही मला टोमणे मारता. इथं मी डिसेंबरात नेम मारणार असते."

मी मांजरीसारखा म्हणाले होते. दोन हातांनी कप धरणाऱ्या बाईला.

शेवटी म्हणाले, "डावीकडची रायफल करून देतो." तिनं मान हलवली. "तो पुढचा आहे, आजी."

२३ जून

सविता, तुला माहीत होतं.

एप्रिलपासून माहीत होतं. मी रोज सांगत होते माझा हात गेला, माझी बोटं मेली, आणि तू खाली मान घालून लिहीत होतीस. वही माझी आणि लपवणारी तू.

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आत्या, तिनं शपथ घातली हुती." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, सृष्टे, तू मावशीला आंटी म्हणतेस तसं नाही.

मग म्हणाली, "एक दिवस मी लिहिलंच न्हाई. अकरा मेला तुमी अर्धा तास बोलत हुता. मी दोन ओळी लिहिल्या. बाकी नुसतं पेन हलवत हुते. खालचं पान कोरं हाय."

वही माझ्या हातात दिली. मी पान चाचपलं. ज्या पानावर लिहिलेलं असतं ते मागून खडबडीत लागतं. हे गुळगुळीत होतं.

काय बोलले होते मी त्या दिवशी? मला आठवतं, तिलाही आठवतं. तुझ्यासाठी नको. कोरंच असू दे.

अर्धा तास नुसतं पेन हलवणं सोपं नसतं. मी तिला म्हणाले, उचल आता, लिही. शाई संपली म्हणालीस तर बघ.

एक सांगते. खोटं वाटेल. मी चुकले असते तर बरं झालं असतं. म्हातारीचा हात गेला, एवढ्यावर भागलं असतं.

३० जून

कल्याणनं रायफल पुरी केली आहे, मूठ सोडून. शेडमध्ये काळी चकचकीत उभी असते. तो तिच्यावरून फडकं फिरवतो आणि कपाटात ठेवून कुलूप घालतो, परत उघडतो. म्हणाला, "आई, अशी रायफल माझ्या हातनं पुन्हा होणार न्हाई." हे ज्या आवाजात म्हणाला तो आवाज तेराव्याला असतो.

प्रणिताचा फोन आला. एकदा तरी मारून बघायची आहे म्हणाली. रेंजवर १३ तारीख मिळते.

मी विचार केला. तिचा हात थांबत नाही. मी आज माप घेऊन महिन्यानं मूठ दिली तर ती मागच्या महिन्यातल्या बाईची मूठ होणार. म्हणजे मूठ त्या रविवारचीच करायची. सोमवारी कामाची नाही राहिली तरी चालेल.

कल्याणला अक्रोडाचा दुसरा ठोकळा काढायला सांगितला. माझ्या कानशी परत आणल्या. त्यानं त्यांना तेल लावून ठेवलं होतं.

११ जुलै, शुक्रवार

प्रणिता राहायला आली. गोळा वाळायला वेळ नाही, म्हणून तिचा हातच समोर घेऊन बसले. कोरायचं, तिच्या पंजात द्यायचं, बोट फिरवायचं, परत कोरायचं. ती कॉलेजाचे पेपर डाव्या हातानं तपासत होती. एका पोराला नापास केलं, मी म्हणाले सोड गं. सोडला नाही.

जिथं मांस नाही तिथं मी लाकूड ठेवलं. हात लाकडाला धरतो अशी मूठ असते. ही मूठ हाताला धरते. अशी मी कधी केली नव्हती.

१२ जुलै, शनिवार

जवसाचं तेल तळहातानं चोळलं. तीन वेळा चोळलं. खरं तर पंधरा दिवस चोळायचं असतं. पंधरा दिवस कुणाकडं आहेत?

संध्याकाळी तिनं धरली. मी नख घालून बघितलं. कुठंही आत गेलं नाही.

१३ जुलै, रविवार

मी रेंजवर गेले नाही. मला तिथं काय कळतं. कल्याणनं येऊन सांगितलं ते सांगते.

रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवली. घोडा त्यानं कायद्यात बसेल तेवढा हलका केला होता. ती मागं बसली, गाल टेकला. बराच वेळ काही नाही. कल्याणला वाटलं, नाही दाबणार. मग गोळी सुटली. मग दुसरी. मग खूप वेळानं तिसरी. पाच काडतुसं मांडली होती. चौथी भरली, आणि बोट दाबेना. ती कल्याणला म्हणाली, "दादा, तुम्ही माझ्या बोटावर बोट ठेवू नका हं." मग काडतूस काढून ठेवलं.

कल्याणनं नेमाचा कागद आणून माझ्या हातात दिला. तीन भोकं एकात एक. माझी करंगळी जेमतेम गेली. सगळ्या आयुष्यात मला वाचता आला असा हा एकच कागद.

तिनं रायफल नेली नाही. तीनशे मीटरवर आंब्यात कोय असावी तशी मधोमध गोळी बसते, हे कळल्यावर ती रडली म्हणे. वाकडी मारली असती तर नेली असती का, कुणास ठाऊक. कपाटात आहे. तिच्या परवान्याचे कागद व्हायचे तसे होतील. मी विचारत नाही.

१६ जुलै

फळीवर तिचे चार गोळे आहेत. उजव्या हाताचे तीन ओळीनं ठेवले तर माघ महिन्यात झाड जसं एकेक पान टाकतं तसं दिसतं. चैत्रात पालवी फुटते, हे मी तिच्याजवळ म्हणणार नाही. देवाशी मी सध्या बोलत नाही. तो काय लिहून ठेवतो ते मला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवणारी लबाडी करते.

हो सविता, तूच.

२० जुलै, रविवार

अक्रोडाच्या ठोकळ्याचा तुकडा उरला होता. त्याचा चमच्याला दांडा केला. जाड, वांग्यासारखा. मधे खाच ठेवली, तिथं बोटं नुसती टेकली तरी चमचा पडत नाही. आजच्या हाताचा केलेला नाही. दसऱ्याला प्रणिताचा हात कसा असेल ते मनात धरून केला. ते मनात धरायला मला दोन दिवस लागले, कोरायला एक सकाळ. दिवाळीच्या हाताचा मी करायला घेतला होता. मला झाला नाही.

डावखुऱ्याला चालेल असाही एक करून ठेवला. तो आत्ता देऊ नका. ट्रंकेत आहे, लुगड्यांच्या खाली. मी नसले तर सृष्टे, तुला ठाऊक असावं म्हणून सांगितलं. हे एक विसरू नकोस. बाकी चार्जर विसर.

कल्याण उद्या कामाला नगरला जातोय. सविता, पेन ठेव आणि ऐक, प्रणिताचा डबा नीट भर. हुलग्याचं माडगं कर, गूळ घालून, घट्टसर, चमच्यावरून ओघळणार नाही असं. भाकरी अख्खी देऊ नकोस, तोडायला लागते. इथंच आमटीत कुस्करून दे, म्हणजे तिथं कुणी तिच्यासमोर कुस्करणार नाही. झाकण फिरकीचं नको, टोपणाचा डबा घे. चमचा फडक्यात बांध. आणि एक कांदा दे. सुरीनं कापू नकोस, तिला लगेच कळेल. बुक्कीनं फोडून दे.

दोन बुक्क्यांत फोड.